शर्ट खिळ्याला असतो : कॉश्च्युम डिझायनर नक्की करतो काय?

(या भागाचं शब्दांकन. बोलतानाचे 'अं', 'म्हणजे कसं' आणि मागून ऐकू येणारी रिक्षा काढून टाकली आहे. बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

 

मागच्या भागात मी ओघात बोलून गेले की मी पोटापाण्यासाठी सिरियल आणि सिनेमाला कॉश्च्युम करते. झालं! इनबॉक्स भरला. बहुतेकांचा मेसेज साधारण असा : "ताई, म्हणजे हिरॉइनच्या साड्या तू निवडतेस? कसला भारी जॉब! मला पण हेच करायचंय. कोर्स कुठला करू?"

हाच प्रश्न नऊ वर्षांपूर्वी माझ्या पप्पांनी वेगळ्या सुरात विचारला होता. "म्हंजी तू नटनट्यांची कापडं सांभाळतीस, व्हय? त्यासाठी मुंबईला कशाला जायाला पायजे?"

तुम्ही आणि पप्पा, दोघंही अर्धे बरोबर आहात. साड्या निवडतो, हो. कापडं सांभाळतो, हेही खरं. पण मधलं जे काम आहे ना, ते कुणाला दिसतच नाही. आज तेच सांगणार आहे. आणि कोर्स, पैसे, बुडलेले पैसे, सगळ्यावर बोलणार आहे. शेवटपर्यंत थांबा.

आधी माझी ओळख, नवीन लोकांसाठी. मी इचलकरंजीची. पप्पांनी तीसेक वर्षं यंत्रमागावर काम केलं. मी कोल्हापुरात ड्रेस डिझायनिंगचा डिप्लोमा केला, एकविसाव्या वर्षी मुंबईला आले, कांदिवलीत चार मुलींबरोबर एका खोलीत राहिले. आतापर्यंत चार सिरियल, दोन सिनेमे आणि मोजायच्या बाहेर गेलेल्या जाहिराती. फेमस वगैरे अजिबात नाही. म्हणूनच माझ्याकडून ऐका, कारण या लाइनमधली बहुतेक माणसं माझ्यासारखीच असतात.

कपडे नव्हे, माणूस

तुम्हाला माहीत असलेल्या माणसापासून सुरू करू. महात्मा गांधी. आता सिनेमा विसरा, नुसता इतिहास बघा. १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत जातात तेव्हा अंगावर सूट, बॅरिस्टरचा. ९ जानेवारी १९१५ ला मुंबईत उतरतात तेव्हा काठेवाडी पोशाख, धोतर, अंगरखा, डोक्याला पागोटं. २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत ठरवतात की आता फक्त पंचा. आणि १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला लंडनला जातात, तेही पंचा नेसूनच.

आता एक करा. या माणसाचं एकही भाषण ऐकू नका. फक्त हे चार कपडे ओळीनं बघा. गोष्ट कळली की नाही? कोण होता, कुणाच्या जवळ गेला, कुणापासून लांब गेला, सगळं कापडात आहे. कॉश्च्युम डिझायनरचं काम हे. संवाद सुरू व्हायच्या आधी प्रेक्षकाला माणूस कळला पाहिजे.

रिचर्ड अॅटनबरो यांचा 'गांधी' १९८२ चा. त्यासाठी १९८३ मध्ये वेशभूषेचं ऑस्कर मिळालं ते दोघांना विभागून, ब्रिटनचे जॉन मोलो आणि आपल्या भानू अथैया. भारतातल्या माणसाला मिळालेलं हे पहिलं ऑस्कर. आणि भानू अथैया कुठल्या? कोल्हापूरच्या! [हसते] हो, मी हे प्रत्येक भागात कुठे ना कुठे घुसवते, मला माफ करा.

पण त्यांचा प्रवास नीट ऐका, कारण 'कोर्स कुठला करू' याचं अर्धं उत्तर त्यात आहे. माहेरच्या त्या भानुमती राजोपाध्ये, जन्म १९२९. वडील अण्णासाहेब चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांसाठी काम केलेले. वडील त्यांच्या लहानपणीच गेले. भानूताई मुंबईला आल्या, सर ज. जी. कला महाविद्यालयात चित्रकला शिकल्या, तिथे सुवर्णपदक मिळवलं. १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. म्हणजे सरळ चित्रकार व्हायची वाट समोर होती. पण पोटासाठी त्या 'ईव्हज वीकली' सारख्या मासिकांत फॅशनची रेखाटनं काढायच्या. पुढे त्याच मासिकाच्या संपादकांनी बुटीक काढलं आणि म्हणाल्या, कागदावर काढतेस ते शिवूनही बघ. तिथे सिनेमातल्या नट्या कपड्यांसाठी यायला लागल्या आणि त्यातून सिनेमा आला.

१९५६ चा 'सी.आय.डी.', १९५७ चा 'प्यासा', १९६२ चा 'साहिब बीबी और गुलाम', १९६५ चे 'वक्त' आणि 'गाइड', १९६६ चा 'आम्रपाली', पुढे 'लेकिन', 'लगान', 'स्वदेस'. शंभरावर सिनेमे. 'लेकिन' आणि 'लगान' साठी राष्ट्रीय पुरस्कार. 'आम्रपाली' चे कपडे करताना त्यांनी फॅशनची मासिकं चाळली नाहीत, अजिंठ्याची चित्रं अभ्यासली.

आता यातली एक गंमत सांगते, जी मला स्वतःला खूप उशिरा दिसली. 'गांधी' मधला आगगाडीतून ढकलून देण्याचा प्रसंग १८९३ मधला. आणि 'लगान' ची गोष्ट? तीही १८९३ ची. एकाच डिझायनरच्या दोन सिनेमांत एकच साल आलंय. एकीकडे पहिल्या वर्गाचं तिकीट घेतलेला तरुण बॅरिस्टर, दुसरीकडे पाऊस न पडलेल्या गावातला शेतकरी. दोघांच्या कपड्यांत काही सारखं आहे का? काहीच नाही. म्हणून 'पिरियड फिल्म आहे, त्या काळातले कपडे आण' असं कुणी म्हणालं की समजायचं, या माणसानं अजून विचारच सुरू केलेला नाही. काळ कपडे घालत नाही. माणूस घालतो. त्याची जात, पैसा, काम, हवामान, बायको कोण, आरसा आहे का नाही, हे सगळं मिळून कपडा ठरतो.

सिनेमाचं काम कुठून सुरू होतं?

दुकानातून नाही. कागदापासून. पटकथा हातात आली की पहिलं काम ब्रेकडाउन. प्रत्येक सीन वाचायचा आणि तक्ता करायचा : सीन नंबर, कथेतला दिवस कितवा, सकाळ की रात्र, कोण कोण आहे, कुणी काय घातलंय, काही होतं का, म्हणजे पाऊस, चिखल, रक्त, मारामारी.

'कथेतला दिवस' हा शब्द लक्षात ठेवा. शूटिंग कधीच गोष्टीच्या क्रमानं होत नाही. हिरो घरातून बाहेर पडतो तो दरवाजा वाईला असतो आणि त्या घराचं आतलं स्वयंपाकघर गोरेगावच्या चित्रनगरीत. मधे वीस दिवस गेलेले असतात. पण पडद्यावर तो एका सेकंदात आत येतो. तेव्हा बाही दोन घड्या दुमडलेली होती की तीन? वरचं बटण उघडं होतं का? घड्याळ कुठल्या हातात? हे सांभाळणं म्हणजे कंटिन्युइटी. आता फोनवर फोटो काढून ठेवतो. पूर्वी पोलरॉइड काढून वहीत चिकटवायचे.

मग डझनांचा हिशोब. पावसात भिजायचा सीन असेल तर एक शर्ट पुरत नाही. टेक परत घ्यायचा म्हटला की कोरडा शर्ट लागतो. म्हणून एकसारखे तीन, चार. फाइट मास्टरचा डुप्लिकेट असेल तर त्याच्या मापाचे वेगळे. त्याच्या आतून पॅडिंग घालायचं म्हणून ते थोडे सैल. आणि सगळे एकसारखे जुने दिसले पाहिजेत. या 'जुने दिसण्या'वर मी थोड्या वेळानं येते, कारण तिथेच माझी फजिती झाली.

मग कापड. मुंबईत मंगलदास मार्केट आणि दादरचं हिंदमाता, जुन्या वस्तूंसाठी चोरबाजार, पुण्यात असलो तर लक्ष्मी रोड आणि रविवार पेठ. मग मास्टरजी, म्हणजे टेलर. या माणसाशी भांडण कधीच करू नका, तुमचं करिअर त्याच्या मशीनवर चालतं. मग ट्रायल, मग लुक टेस्ट, म्हणजे कलाकाराला पूर्ण तयार करून कॅमेऱ्यासमोर उभं करायचं. कारण डोळ्याला दिसतं ते आणि कॅमेऱ्याला दिसतं ते वेगळं. अगदी बारीक रेघांचा शर्ट पडद्यावर मुंग्या चालल्यासारखा थरथरतो. पांढराशुभ्र कपडा लाइटखाली चमकून चेहरा खाऊन टाकतो, म्हणून आम्ही तो चहाच्या पाण्यात बुडवून किंचित मळवतो. मागे हिरवा पडदा असेल तर हिरवी साडी चालत नाही, नाहीतर बाईंचं धड गायब! [हसते] आणि करकरीत ऑर्गंझा दिसायला सुंदर, पण पदराशी माइक लावला की साउंडवाले दादा हात जोडतात.

सेटवर आणखी एक माणूस असतो, ड्रेसदादा. इस्त्री, धुणं, पेट्या, कुणाचं काय कुठे आहे, सगळं त्याच्या डोक्यात. नाटकवाल्या लोकांना 'कपडेपट' हा शब्द माहीत असेल, तो सांभाळणारा हाच माणूस. मी डिप्लोमात शिकले नाही तेवढं पहिल्या सहा महिन्यांत एका ड्रेसदादांकडून शिकले. घामाच्या वासावर व्होडका मारायची, हे पुस्तकात नव्हतं.

आणि सिरियल?

सिरियल हा वेगळाच प्राणी. सिनेमात तुम्हाला शेवट माहीत असतो. सिरियलमध्ये लेखकालाही माहीत नसतो! सीन कधी आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर येतात, कधी मेकअप सुरू असताना. त्यात लिहिलेलं असतं, 'सासरचे सगळे हळदीच्या कपड्यात'. सासरचे सगळे म्हणजे किती? चौदा. वेळ किती? दोन तास. सेट कुठे? घोडबंदर रोडला. ट्रॅफिक विचारूच नका.

माझ्या पहिल्या सिरियलमध्ये लग्नाचा एक दिवस टीव्हीवर दोन आठवडे चालला. कथेत एकच दिवस! म्हणजे नवरीची तीच पैठणी, तोच शेला, त्याच मुंडावळ्या, शूटिंगचे तेरा दिवस. मे महिना. पैठणी धुता येत नाही. रोज रात्री आतून अस्तराचे पॅड बदलायचे, साडी पंख्याखाली पसरायची, सकाळी परत त्याच निऱ्या. ती साडी दुकानातून परत द्यायच्या बोलीवर आणलेली होती, ही गोष्ट वेगळी. मी तेरा दिवस देवाला हात जोडून होते की कुणी तिच्यावर चहा सांडू नये.

तरी शिकायचं असेल तर सिरियलसारखी शाळा नाही. रोज नवा पेपर असतो. आणि तिथेच कळतं की पात्र कसं धरून ठेवायचं. एका बाईला कायम पूर्ण बाह्यांचे ब्लाउज दिले आणि दोनशे भागांनंतर एक दिवस कोपरापर्यंतच्या बाह्या दिल्या, तर प्रेक्षकाला न सांगता कळतं की हिच्यात काहीतरी बदललंय. हे कुणी तुम्हाला लिहून देत नाही. तुमच्या तक्त्यात असावं लागतं.

माझी फजिती

आता शर्ट. माझा पहिला सिनेमा. छोटा, कमी पैशातला मराठी सिनेमा. मी असिस्टंट. त्यात एक पात्र होतं, यंत्रमाग कामगार, पन्नाशीचा. आमच्या डिझायनर मॅम म्हणाल्या, "तू इचलकरंजीची आहेस ना? हा तू कर."

मला आकाश ठेंगणं! माझ्यापेक्षा हे कुणाला चांगलं जमणार? मी एक साधा चौकड्यांचा शर्ट घेतला आणि तो जुना करायला बसले. या कामाला आमच्याकडे एजिंग म्हणतात. कॉलरवर आणि कोपरांवर सँडपेपर घासला, खिशाच्या कडा तारेच्या ब्रशनं उसवल्या, चहात बुडवला, चार वेळा धुऊन उन्हात टाकला, काखेत घामाचे पिवळट डाग केले. दोन दिवस लागले. दिसायला एकदम जुना. मी फोटो काढून मैत्रिणींना पाठवला पण.

लुक टेस्ट. कलाकार शर्ट घालून उभे. दिग्दर्शक सरांनी बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, "हा माणूस काम कुठे करतो?"

मी म्हणाले, "मागावर, सर."

ते म्हणाले, "मला तर टेबलावर बसणारा वाटतोय. कोपरं झिजलीत."

रागावले नाहीत. पण मला घाम फुटला. कारण ते बरोबर होते. मी 'गरीब माणसाचा जुना शर्ट' केला होता. मागवाल्याचा केला नव्हता. आणि मागवाला माझ्या घरात होता!

रात्री घरी फोन लावला. पप्पांना विचारलं, "पप्पा, मागावर काम करताना शर्ट कुठं कुठं झिजतो?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "अगं, शर्ट घालून माग कोण चालवतंय? उकडून मरंल माणूस. शर्ट खिळ्याला असतोय."

मंडळी, मी वीस वर्षं त्या घरात राहिले. पप्पांना डबा द्यायला शेडमध्ये कितीदा गेले. मला ते चित्र माहीत होतं. बनियनवर उभे असलेले पप्पा, मागचा तो खडखडाट, भिंतीवर रांगेत खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एक शर्ट. मी रोज बघितलेलं होतं आणि मला दिसलेलंच नव्हतं.

मग पप्पा सुटले. अर्धा तास बोलले, जे ते फोनवर कधी बोलत नाहीत. बनियन पोटापाशी आधी जातो, तुटलेली तार जोडायला मागावर वाकावं लागतं म्हणून. तिथंच ऑइलचे डाग, ते जात नाहीत, आई धुऊन धुऊन कंटाळते. कापसाची तूस भुवयांवर, हाताच्या केसांवर, कानात. आणि शर्ट? शर्ट चांगला असतो. कारण तो फक्त येता-जाता घालायचा असतो, रस्त्यात चार लोक भेटतात. फक्त कॉलरच्या मागं, आतल्या बाजूला, खिळ्यानं भोक पडतं. "माझ्या समद्या शर्टाला हाय बघ," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी माझा दोन दिवस खपून केलेला शर्ट पेटीत टाकला. एक बरा शर्ट घेतला, स्वच्छ, इस्त्री नसलेला. कॉलरच्या मागे खिळ्याचं भोक. बनियन मात्र वेगळा केला, पोटाशी विरलेला, तेलकट. सेटच्या भिंतीवर खिळा हवा म्हणून आर्ट डिपार्टमेंटला सांगितलं. आणि त्या कलाकारांनी कमाल केली. सीनमध्ये आत येतात, कुणाशी न बोलता शर्ट काढतात, नीट झटकतात, खिळ्याला लावतात आणि मागाकडे वळतात. संवाद शून्य. त्या माणसाला आपल्या शर्टाची किती किंमत आहे ते कळतं.

कॉश्च्युम डिझायनर करतो काय, याचं माझं उत्तर हे आहे. शर्ट कुठे झिजतो ते शोधतो. आणि कधी कधी शोधल्यावर कळतं की शर्ट अंगावर नसतोच, खिळ्याला असतो.

आता पैशांचं बोलू

हा भाग लोक वगळतात. मी नाही वगळणार.

असिस्टंट म्हणून माझा पहिला पगार महिना १२ हजार होता. त्यातले पाच खोलीचे. शिफ्ट बारा तासांची म्हणतात, पण कॉश्च्युमवाले सगळ्यांच्या आधी येतात आणि कपडे मोजून पेटीत गेल्याशिवाय जात नाहीत. पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतात असं समजू नका. या लाइनमध्ये 'नव्वद दिवस' हा एक मंत्र आहे. काम आज, पैसे तीन महिन्यांनी. तेही ज्यांचं नशीब चांगलं त्यांना.

त्या मागवाल्या सिनेमाचे माझे शेवटचे दोन हप्ते आजपर्यंत आलेले नाहीत. नाव घेणार नाही. वर खरेदीसाठी मी स्वतःच्या खिशातून घातलेले नऊ हजार. बिलं होती, पण साध्या कागदावर. काही विरून कोरी झाली होती. आणि बोलणं सगळं तोंडी. मी फोन करत राहिले, "पुढच्या आठवड्यात" ऐकत राहिले. शेवटी खोलीचं भाडं थकलं आणि मी बॅग भरून इचलकरंजीला गेले. दोन महिने घरी होते. एका साडीच्या दुकानात नोकरीचं बोलणंही झालं होतं.

त्यातून शिकलेलं सांगते, लिहून घ्या. एक, काम कितीही छोटं असो, पैसे किती आणि कधी, हे मेलवर किंवा निदान मेसेजवर लेखी घ्या. दोन, खरेदी कधीही स्वतःच्या पैशांनी करायची नाही, आधी ॲडव्हान्स. तीन, प्रत्येक बिलाचा त्याच दिवशी फोटो. चार, परत द्यायच्या बोलीवर आणलेल्या कपड्याचा आणतानाचा फोटो, डाग आधीचा होता की नंतरचा हे भांडण टळतं. पाच, श्रेयनामावलीत नाव कसं येणार ते आधी विचारा. आमच्या क्षेत्राच्या युनियन आहेत, मेंबर होण्याचे नियम माहीत करून घ्या. एकटा माणूस फोन करत बसतो, ते मी केलंय.

सुरुवात कशी करायची?

तर आता कोर्स. खारघरला निफ्टचं मुंबई कॅम्पस आहे, तिथला डिझाइनचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा, प्रवेश परीक्षा देऊन. फी परवडत नसेल तर एसएनडीटी, आयटीआय, जवळच्या गावातला डिप्लोमा, यातूनही लोक येतात. नाट्यशास्त्र शिकून येतात, चित्रकला शिकून येतात. भानू अथैया चित्रकलेतूनच आल्या ना! 'तान्हाजी' साठी ज्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्यात आपले नचिकेत बर्वे आहेत, ते फॅशनमधून आले. 'सायकल' या मराठी सिनेमासाठी सचिन लोवलेकरांना वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'बालगंधर्व' साठी नीता लुल्लांना. वाट एक नाही.

पण शिवता आलं पाहिजे. निदान उसवता आणि दुमडता तरी. आणि एक्सेल आलं पाहिजे, हसू नका, अर्धं काम तक्त्यांचं आहे. आणि एक फरक समजून घ्या. स्टायलिस्ट एखाद्या नटाला कार्यक्रमासाठी सुंदर दिसायला मदत करतो. कॉश्च्युम डिझायनर पात्राला खरं दिसायला मदत करतो. कधी कधी त्यासाठी सुंदर नटीला वाईट बसलेला ब्लाउज द्यावा लागतो आणि तिला ते पटवावं लागतं. दोन्ही कामं चांगली आहेत, पण तुम्हाला कुठलं हवंय ते ठरवा.

काम मागायला जाताना सुंदर स्केचची फाइल सगळेच नेतात. तुम्ही वेगळं करा. एखादी मराठी कथा घ्या, तुम्हाला आवडणारी. तिचं ब्रेकडाउन करा. कथेतले दिवस मोजा. एका पात्राला पाच कपडे द्या, आणि प्रत्येकाखाली लिहा, हा त्याला कुठून मिळाला, किती वर्षं वापरतोय, कुठे झिजलाय आणि का. एवढं घेऊन कुणी माझ्याकडे आलं तर मी त्याला उद्या कामावर घेईन.

आणि फुकटचा सराव. आज घरी जाताना बसमध्ये समोरच्या माणसाकडे बघा. टक लावून नाही हां, मार खाल! पिशवी रोज कुठल्या खांद्याला अडकवतो ते शर्टावरून कळतंय का? चपलेची टाच कुठल्या बाजूनं झिजलीय? आजीच्या लुगड्याला ठिगळ कुठल्या रंगाच्या दोऱ्यानं लावलंय? ज्यांच्या घरात शेती आहे, माग आहे, मच्छीचा धंदा आहे, टपरी आहे, त्यांना वाटतं आपल्याला फॅशनमधलं काय कळतंय. अहो, तुमच्याकडे जे आहे ते मुंबईतल्या स्टुडिओत कुणाकडे नाही. फक्त बघितलेलं दिसलं पाहिजे.

शेवटचं सांगते आणि थांबते.

मी त्या दोन महिन्यांनी मुंबईला परत का आले, असं काहींनी विचारलं होतं. मी घरी असतानाच तो सिनेमा कोल्हापुरात एका थेटरात लागला. एकच शो, दुपारचा. पप्पांनी खाडा केला आणि आम्ही तिघं गेलो. सगळी मिळून वीस-पंचवीस माणसं असतील. तो सीन आला. तो माणूस आत आला, शर्ट काढला, झटकला, खिळ्याला लावला. पप्पा काही बोलले नाहीत. शेवटी नावं सुरू झाली तेव्हा लोक उठून जायला लागले, आम्ही बसून राहिलो. माझं नाव आलंच नाही. मी खूप शोधलं. पैसेही नाहीत आणि नावही नाही. मला रडू यायला लागलं.

बाहेर आल्यावर पप्पांनी उसाचा रस सांगितला. अर्धा ग्लास झाल्यावर म्हणाले, "बनियन बरोबर हाय."

मग थोड्या वेळानं, "कधीची गाडी हाय तुझी?"

मी कुठल्याच गाडीचं तिकीट काढलेलं नव्हतं. त्या रात्री काढलं.

तर मंडळी, तुमच्या घरातला एखादा कपडा, जो फक्त त्याच माणसाचा असू शकतो असा, त्याचा फोटो आणि दोन ओळी मला पाठवा. पुढच्या भागात त्यातले काही वाचून दाखवते. पुढचा भाग मेकअपवाल्यांवर, त्यात फजिती माझी नसेल. तोपर्यंत बघत राहा, ऐकत राहा. भेटूच!